आरव्ही-७ : उड्डाणाच्या वेळी सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) मर्यादेत आहे, एवढे पुरेसे आहे का?

प्रश्न

नमस्कार. ओहायोमध्ये भाड्याच्या हँगरमध्ये मी बांधत असलेले, शेपटीला चाक असलेले आरव्ही-७ (सुट्या भागांपासून स्वतः बांधायचे दोन आसनी विमान) गेल्या आठवड्यात प्रथमच तीन वजनकाट्यांवर चढवले. विमान समतल केल्यावर मुख्य चाकांवर मिळून १,०३२ आणि शेपटीच्या चाकावर ६८, असे एकूण १,१०० पौंड भरले. डेटमपासून (अंतरे मोजण्याची ठरलेली शून्यरेषा) मुख्य चाके ६८ इंचांवर व शेपटीचे चाक २४६ इंचांवर असल्याने रिकाम्या विमानाचा सीजी ७९ इंचांवर येतो. मी व माझा मुलगा (मिळून ४०० पौंड, आसने ९७.५ इंचांवर), १०० पौंड सामान (१२६.८ इंच) आणि २०० पौंड इंधन (८० इंच) धरल्यास १,८०० पौंडांची मर्यादा नेमकी गाठली जाते व सीजी ८५.८८ वर पडतो. मागची मर्यादा ८६.८२ आहे. एवढी मोकळीक पुरेशी मानावी का? प्रोपेलर लाकडी आहे आणि रंगकाम बाकी आहे.

उत्तर १

आपले गणित बरोबर आहे, पण ते फक्त उड्डाणाच्या क्षणाचे आहे. टाक्या पंखांच्या पुढच्या कडेला, म्हणजे भरलेल्या विमानाच्या सीजीच्या पुढे असल्यामुळे इंधन जळत जाते तसा सीजी मागे सरकतो. पाच गॅलन (३० पौंड) उरले असताना हेच विमान १,६३० पौंडांचे होते व सीजी ८६.४९ वर जातो, म्हणजे हाती जेमतेम एक-तृतीयांश इंच राहतो, आणि तोही नेमका कमी वेगाच्या, कमी उंचीच्या टप्प्यात. सीजी मागे असलेल्या विमानाची स्टिक (नियंत्रण-दांडी) फसवी हलकी लागते आणि स्टॉलमधून (पंखांची उचल तुटल्यावर) नाक खाली आणणे अवघड होते. वजन करताना इंजिनात तेल होते का?

उत्तर २

रंगाकडे मी अधिक काळजीने पाहीन. वरच्याच हिशेबात शेपटीपाशी, २४० इंचांवर, अवघे ४ पौंड वाढले तर उतरतानाचा सीजी ८६.८७ होतो, म्हणजे मर्यादा ओलांडली. त्यामुळे रंगानंतर पुन्हा वजन केल्याशिवाय आजचा कागद अंतिम समजू नये. उलट दिशेने, प्रोपेलरपाशी १२ इंचांवर १० पौंड आले तर रंगाआधीचा ८६.४९ हा सीजी ८६.०४ वर येतो; मात्र ते १० पौंड कमाल वजनातूनच जातात. नुसते शिसे बांधण्याआधी जड प्रोपेलरचा विचार करावा, आणि सामान कमी करणे तर फुकटच आहे. चाचणी-उड्डाणांत एकट्याने उडताना सामानाच्या जागी घट्ट बांधलेल्या वाळूच्या पिशव्या टप्प्याटप्प्याने वाढवत मागच्या मर्यादेकडे जावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. तेल भरलेलेच नव्हते, हे मी साफ विसरलो होतो. आठ क्वार्ट म्हणजे सुमारे १५ पौंड, आणि तेही पुढे. त्यामुळे सीजी थोडा पुढे येईल. रंग सुकल्यावर, तेल भरून, पुन्हा काट्यांवर चढवतो आणि उड्डाण व उतरणे असे दोन्ही रकाने इथे देतो.