गाडगीळ सूत्र पाठ केलेल्यांनो, इकडे या

पाटीपेन्सिल
गाळप हंगामाची बातमी वाचत होते आणि ६०-१०-१०-१०-१० हा पाढा एकदम आठवला: योजनांसाठीची केंद्राची मदत राज्यांत वाटण्याचं सूत्र. ते करणारे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजचा प्रबंध १९२४ साली पुस्तकरूपात आला. त्यात आपली कारागिरी का बुडाली त्याची कारणं: दरबारांचा आश्रय गेला, परक्या राजवटीने आवडीनिवडी बदलल्या, यंत्रावरचा माल आला. १९३० पासून पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था. आणि हेच गृहस्थ १९६६ ला राष्ट्रपतीनियुक्त म्हणून राज्यसभेत, १९६७ ला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. ना पक्ष, ना मतदारसंघ. सूत्र वापरलंय, शिकवलंय, त्याच्या नावाने बोटं मोडलीत, अशांनी लिहा. हारतुरे नकोत, कामाचं लिहा.

ताळेबंद
१९६९, चौथी योजना. आधी आसाम, नागालँड, जम्मू-काश्मीर यांची रक्कम बाजूला काढायची. उरले समजा १००० कोटी. त्यातले ६०० लोकसंख्येवर. उरलेल्या राज्यांच्या लोकसंख्येत तुमचा वाटा ८ टक्के, तर ४८ कोटी तुमचे. मग १००-१०० चे चार ढीग: दरडोई उत्पन्न सरासरीखाली असलेली राज्यं, करप्रयत्न (दरडोई कर भागिले दरडोई उत्पन्न), चालू असलेले मोठे पाटबंधारे आणि वीज प्रकल्प, विशेष अडचणी. बेरीज जी येईल तिचे ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज.
घोळ पहिल्याच छोट्या ढिगात. सरासरीच्या रुपयाभर जरी वर असलात तरी हाती काही नाही.

कोथिंबीर
म्हणजे महाराष्ट्राला त्यातून भोपळा?? मराठी माणसाने सूत्र करून?

ताळेबंद
भोपळाच. आपलं दरडोई उत्पन्न सरासरीच्या वर होतं ना. म्हणून तर बाकीच्या राज्यांनी मान्य केलं असेल, हा आपला माझा तर्क.

नानाची टांग
काकासाहेबांचं डोकंच तसं. उगाच नेहरूंच्या मंत्रिमंडळात नव्हते.

पाटीपेन्सिल
नाना, ते न. वि. गाडगीळ. हे ध. रा. :)

नानाची टांग
अरे देवा. आणि गाडगीळ सराफ?

कोथिंबीर
सराफांचं सूत्र वेगळं, मजुरी धरून. पश्चिम घाट अहवालवाले माधव गाडगीळ मात्र यांचेच चिरंजीव.

फडकरी
सूत्राच्या आधी प्रवरा बघा की राव. १९५०, विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना आणि पहिले अध्यक्ष गाडगीळ. नियम सोपा. शेअर घ्यायचा, ऊस तिथंच घालायचा, शेअर कितीबी असूदे मत एकच. बिघडतं ते मधल्या कलमात. गुळाचा भाव चढला की सभासद ऊस गुऱ्हाळाला घालतो, कारखाना अर्ध्या पोटी चालतो, खर्च मात्र पुरा. तोडलेला ऊस २४ तासांत गाळला नाही तर वजन घटतं, उतारा (उसातून निघणारी साखर) पडतो. मग ज्यानं इमानदारीनं ऊस घातला त्यालाच भाव कमी. वर भागभांडवलात सरकारचा पैसा, म्हणजे राजकारण मागच्या दारानं आत. अध्यक्ष पुस्तकवाला आहे का पुढारी, उसाला काय फरक पडत नाय

शाखाधिकारी
अग्रणी बँक योजनेच्या मुळाशीही त्यांचाच अभ्यासगट, १९६९. बँकांचं राष्ट्रीयीकरण जुलैत, अहवाल ऑक्टोबरात. जिल्हा हे एकक धरा, एका बँकेकडे पुढाकार द्या, कुठे शाखा नाही ते आधी शोधा. ही सगळी सर्वेक्षणवाल्याची बुद्धी. वाई तालुक्याची शेती आणि पुण्यातली घरं ज्याने मोजून काढली तोच असं सुचवणार. प्रत्यक्षात जिल्हा पतआराखडा (जिल्ह्यात किती कर्जं द्यायची त्याची योजना) म्हणजे शाखांनी दिलेल्या आकड्यांची बेरीज होऊन बसते. तपासायचं असेल तर एकच करा, कर्जं भागिले ठेवी गुणिले १००. तालुकावार काढा, जिल्ह्याचा आकडा फसवतो. शहरातली एक शाखा सगळं झाकते. बाकी रात्री लिहितो, गिऱ्हाईक आलंय

उंबरठा
जरा परदेशात डोकावू? असाच सत्तेत गेलेला अभ्यासक, इटलीचे अमिंतोरे फानफानी, मिलानला आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक. १९३४ च्या पुस्तकात, भांडवली वृत्तीचं मूळ प्रोटेस्टंट पंथात शोधणाऱ्या समाजशास्त्रज्ञ वेबरला उत्तर: भांडवली वृत्ती प्रोटेस्टंटांच्या आधीपासून होती. १९४९ ला मजूरमंत्री असताना घरबांधणी योजना. कामगाराच्या पगारातून ०.६ टक्के, मालकाकडून १.२, वर सरकारची भर. सात-सात वर्षांचे दोन टप्पे, साधारण साडेतीन लाख घरं. इमारतींवर चिनीमातीची छोटी फरशी लावत, अजून दिसते. पण हे गृहस्थ पक्षात मुरलेले. १९५४ चं पहिलं सरकार जेमतेम तीन आठवडे टिकलं, तरी पुन्हा पुन्हा पंतप्रधान झाले. फॅसिस्ट काळातलं त्यांचं लिखाण मात्र विसरू नये.

कोथिंबीर
०.६ टक्क्यात घर! इथे सोसायटीचा मेंटेनन्स निघत नाही.

ताळेबंद
मगाशी राहिलं. ३०:७० सगळ्याच कामांना सरसकट. धरणातून पाणीपट्टी तरी येते, शाळा आणि दवाखान्यातून काय येणार? तेही ७० टक्के कर्जावर. राज्यं कर्जात रुतली त्याचं हे एक कारण. चालू प्रकल्पांचा ढीगही उलटा पडला, ज्याच्याकडे आधीच मोठी धरणं त्यालाच आणखी. १९८० ला तो मोडून दरडोई उत्पन्नात घातला. १० चे २० झाले.

पाटीपेन्सिल
आणि विशेष अडचणींचे १०? ते मोजायचं कसं?

ताळेबंद
तिथेच तर गंमत. मोजमाप नाहीच. पूर, दुष्काळ, आदिवासी भाग, महानगरं, काहीही लिहा. सूत्राआधी योजनावार मदत मिळायची, तेव्हा दिल्लीत प्रत्येक योजनेसाठी खेटे. सूत्रानंतर बाकीचे ९० आकडेमोडीत बंद झाले, मग सगळ्यांच्या फायली या दहात. एकही राज्य असं नव्हतं ज्याला विशेष अडचण नव्हती.

नानाची टांग
आमच्या घरीही तेच सूत्र. ९० हिचे ठरलेले, १० साठी मी अर्ज करतो.

कोथिंबीर
:)) वहिनींना धाग्याची लिंक पाठवा कुणीतरी. चला, कुकर झाला.