क्रोमियमला चुंबक का चिकटत नाही? बारावीचा नियम फळ्यावरून पुसा

शेंगाचटणी: सोलापुरात सात रस्त्याजवळ बारावीला केमिस्ट्री शिकवतो. काल एका पोरीनं विचारलं, "सर, क्रोमियमच्या अणूत जोडी नसलेले इलेक्ट्रॉन सहा, लोखंडाच्या चारच. मग चुंबक लोखंडालाच का चिकटतो?" सीईटीला येत नाही म्हणून वेळ मारून नेली. घरी येईस्तोवर लाज वाटत होती.

माझं मत: "सुटे इलेक्ट्रॉन म्हणजे चुंबक" हे लिहिणंच बंद करा. शेजारच्या अणूंचे डी-ऑर्बिटल (अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या जागांचा एक प्रकार) एकमेकांत कसे मिसळतात, त्यावर सगळं ठरतं. क्रोमियमात शेजाऱ्याचा स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या इवल्या चुंबकाची 'वर' किंवा 'खाली' दिशा, उलटा लागतो, बेरीज शून्य. ही शिस्तही 38 अंश सेल्सिअसला मोडते, म्हणजे आपल्या एप्रिलच्या दुपारी मोडलेलीच! तरी चुंबक चिकटत नाही तो नाहीच.

कडकभाकरी: असहमत. नियम बरोबर आहे, तुम्ही नको तिथं लावताय. तो सुट्या आयनांचा, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या किंवा घेतलेल्या एकेकट्या अणूंचा. मँगनीजचा टू-प्लस आयन घ्या: सुटे इलेक्ट्रॉन पाच; पाच गुणिले सात पस्तीस, त्याचं वर्गमूळ 5.92 बोर मॅग्नेटॉन (अणूचं चुंबकत्व मोजायचं एकक). प्रयोगातही जवळपास तेवढंच. लोखंडाच्या धातूत अणूमागे 2.2 येतं, कारण तिथं इलेक्ट्रॉन एका अणूचे राहत नाहीत. हा अपूर्णांक बारावीला समजावणार कसा?

शेंगाचटणी: मग मँगनीज ऑक्साइडचं काय? आयन तोच, तरी उणे 155 अंशांखाली शेजारी उलटे. 1949 साली शल आणि स्मार्ट या शास्त्रज्ञांनी स्फटिकावर न्यूट्रॉन मारून दाखवलं. मधला ऑक्सिजन म्हणजे कांदा बाजारातला आडत्या. त्याच्या पी-ऑर्बिटलमध्ये दोन इलेक्ट्रॉन, एकाचा स्पिन वर, एकाचा खाली. डावीकडच्या मँगनीजची पाचही डी-ऑर्बिटल 'वर'वाल्यांनी अडवलेली, तिकडं फक्त 'खाली'वाला झुकू शकतो. उरलेला 'वर'वाला उजवीकडं झुकणार, म्हणजे तिथले पाचही 'खाली' हवेत. अणू सरळ रेषेत असले की हे जोरात चालतं. कोन 90 अंश झाला की दोन्ही बाजूंना वेगळे पी-ऑर्बिटल, गणितच बदलतं.

एमआयडीसीकर: ऑर्बिटल मला कळत नाही, पण 304 स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याला चुंबक लागत नाही आणि त्याचंच पातेलं ओढलं की कडेला थोडा लागतो. गिऱ्हाईक म्हणतं भेसळ! माल तोच असतो बे, दाबानं आतली रचना बदलते.

कडकभाकरी: उदाहरण पटलं. पण सर, पोरीनं बोर्डाच्या पेपरात "ऑक्सिजन आडत्या" लिहिलं, तर मार्क कोण देणार?