शब्दचर्चा : हॉकीच्या ‘प्लेऑफ’ला ‘बाद फेरी’ म्हणावं का?

मिसिसागाकर

मंडळी, एका शब्दावर गाडं अडलंय. इथे कॅनडातल्या आमच्या मराठी ग्रुपवर मी एप्रिल ते जून आइस हॉकीबद्दल रोज चार ओळी खरडतो. वाचणारे पाच-सहाच, पण निष्ठावान. यंदा, म्हणजे २०२५च्या एप्रिलमध्ये, मी टोरांटोच्या संघाबद्दल लिहिलं, ‘लीफ्स बाद फेरीत पोचले.’ दहा मिनिटांत एका काकांचा फोन. मुलाकडे सहा महिन्यांसाठी सोलापूरहून आलेत. म्हणाले, ‘‘अरेरे, बाद झाले का? कालपर्यंत तर जिंकत होते!’’

हसू आलं, पण चूक काकांची नव्हती. त्यांना समजावताना माझीच पंचाईत झाली. एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, ३२ संघ. प्रत्येकाचे आधी ८२ सामने. त्याला ‘साखळी’ म्हणायला माझी ना नाही, चांगली लांबलचक असते. त्यातून १६ संघ पुढे येतात आणि मग चार फेऱ्या. पण प्रत्येक फेरीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी जास्तीत जास्त सात सामने. आधी चार जिंकेल तो पुढे. म्हणजे स्टॅनली चषकासाठी १६ विजय लागतात, आणि वाटेत १२ पराभव पचवूनही संघ विजेता होऊ शकतो. विम्बल्डनमध्ये एक सामना हरला की बॅग भरायची, तिथे ‘बाद फेरी’ चपखल बसतं. इथे? २०२४च्या अंतिम फेरीत एडमंटन ०-३ मागे पडलं, ओळीने तीन जिंकून ३-३ झालं आणि सातवा सामना फ्लोरिडाकडून १-२ असा हरलं. याला ‘बाद’ म्हणताना जीभ अडखळते.

दुसरा काही शब्द आहे का? ‘प्लेऑफ’च ठेवायचा असेल तर तसं सांगा. शिवाय ओव्हरटाइमलाही धड शब्द सापडत नाहीये.

कोशाळू

‘बाद’ हा मूळचा हिशेबातला शब्द. रकमेतून अमुक बाद, मतपत्रिका बाद, नोट चलनातून बाद. म्हणजे होतं ते मोजणीतून वगळलं. खो-खोत आणि क्रिकेटमध्ये गडी बाद होतो तो याच अर्थाने. ‘बाद फेरी’ म्हणजे ‘जिच्यात बाद व्हावं लागतं ती फेरी’, पण मराठी समासात हे ‘बाद झालेली फेरी’ असंही वाचता येतं. काकांनी तसंच वाचलं. त्यांना दोष देता येत नाही.

वर्तमानपत्रांनी आयपीएलचं ‘प्ले-ऑफ’ तसंच ठेवलंय, त्यालाही कारण आहे. तिथे पहिल्या दोन संघांना हरूनही आणखी एक संधी मिळते. नुसतं ‘बाद’ म्हटलं तर खोटं ठरेल.

जाता जाता, तुम्ही ‘चषक’ लिहिलंत ते आवडलं. आपल्याकडे क्रीडापानावर चषक आणि करंडक सर्रास अदलाबदलीने येतात. करंडक म्हणजे खरं तर झाकणाचं छोटं पात्र, आजीच्या कुंकवाचा करंडा आठवा. चषक म्हणजे पिण्याचं पात्र, आणि संस्कृत साहित्यात तरी त्यात दूध क्वचितच असतं. स्टॅनली चषक जिंकणारे खेळाडू त्यातून शॅम्पेन पितात असं वाचलंय. तसं असेल तर जगातल्या सगळ्या ‘कपां’मध्ये चषक हे नाव शोभणारा हाच.

मिसिसागाकर

@कोशाळू, पितात तर खरंच. वरचा भाग म्हणजे एक चांदीचा वाडगाच आहे. कॅनडाचा गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली याने १८९२ साली दहा गिनी देऊन तो घेतला. पहिल्यांदा १८९३मध्ये माँट्रिआलच्या संघाला मिळाला आणि त्याच वर्षी साहेब इंग्लंडला परतले. चषकासाठीचा एकही सामना त्यांनी पाहिला नाही. पुढे विजेत्यांची नावं कोरायला खाली पट्ट्यांवर पट्ट्या चढत गेल्या. आता उंची जवळपास तीन फूट, वजन साडेपंधरा किलो.

आणि तो दरवर्षी नवा घडवत नाहीत, तोच हातोहात फिरतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘फिरती ढाल’ असायची ना, तसा हा फिरता चषक. वर्षभर शाळेच्या कपाटात, पुढच्या वर्षी पुसून परत.

बॅकबेंचर

आमच्या शाळेची फिरती ढाल एका वर्षी फिरली ती परत आलीच नाही. असो. विषयांतराबद्दल क्षमस्व.

पुणेरी पहाट

मी पुण्यातून बघतो. टोरांटोत रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, काकड आरतीची वेळ. बायको म्हणते, एवढ्या पहाटे उठून देवळात गेला असतास तर काही पुण्य तरी लागलं असतं.

ओव्हरटाइमला क्रीडापानावर ‘जादा वेळ’ म्हणतात. पण जादा वेळ म्हटलं की फुटबॉल डोळ्यांसमोर येतो, मोजकी १५-१५ मिनिटं आणि मग पेनल्टी. हॉकीच्या साखळीत बरोबरी झाली तर पाच मिनिटं तीन-तीन खेळाडू खेळतात, तरी नाही सुटलं तर शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकासमोर जाऊन गोल मारायचा. प्लेऑफमध्ये ते लाड नाहीत. पाच विरुद्ध पाच, वीस-वीस मिनिटांचे डाव, आणि गोल होईपर्यंत खेळतच राहायचं. एक गोल झाला की सामना तिथल्या तिथे संपला. २०२०च्या ऑगस्टमध्ये टाम्पा विरुद्ध कोलंबस मी रात्री साडेबाराला लावला. तीन डाव, मग जादाचे पाच डाव. कोलंबसच्या गोलरक्षकाने ८५ फटके अडवले आणि तरी हरला. मी उठलो तेव्हा दूधवाला येऊन गेला होता. त्या वर्षी करोनामुळे सगळे सामने मोजक्या दोन शहरांत चालले होते, त्यामुळे त्याच बर्फावरचा रात्रीचा पुढचा सामना दुसऱ्या दिवशी सकाळवर ढकलावा लागला.

याला ‘जादा वेळ’ म्हणणं म्हणजे पालखी मुक्कामाला उशिरा पोचली म्हणून वारीला ‘जादा चालणं’ म्हणण्यासारखं आहे.

बॅकबेंचर

कबड्डीत ‘सुवर्ण चढाई’ असते. त्या चालीवर ‘सुवर्ण गोल’?

पुणेरी पहाट

‘सुवर्ण गोल’ फुटबॉलमध्ये वापरून झालाय. आणि गोल कसला आहे ते तो सांगतो. पाच तास जागवणाऱ्या त्या वेळेचं नाव राहतंच.

एडमंटनची मावशी

शब्दांचंच चाललंय तर पंजाबी लोकांकडून शिका जरा. इथे २००८पासून हॉकीचं पंजाबीत समालोचन होतं. पक म्हणजे ती काळी रबरी चकती, एक इंच जाड, तीन इंच रुंद. तिला त्यांनी काय म्हणावं? टिक्की! आलू टिक्कीतली टिक्की. कोश उघडला नाही, समिती नेमली नाही, ताटात होतं ते उचललं. २०१६च्या अंतिम फेरीत पिट्सबर्गच्या निक बोनिनोने गोल केला तेव्हा पंजाबी समालोचक हरनारायण सिंग ‘बोनिनो, बोनिनो’ असं ओरडत सुटले ते सगळ्या कॅनडाने ऐकलं. पंजाबी न येणाऱ्यांनीसुद्धा.

आपण पकला मराठीत काय म्हणू? थालीपीठ मोठं होतं. मी नातवाला ‘वडी’ म्हणून सांगितलं, त्याला पटलं.

कोशाळू

वडी घट्ट हवी, नाहीतर फटक्यात भुगा. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात ना, बर्फावर उड्या मारू नये म्हणून? मग आळूवडी नको, कडक झालेली नारळाची वडी चालेल.

पुणेरी पहाट

मला खटकतो तो ‘फॅन’. पेपरात ‘पाठीराखा’ येतो. शब्द देखणा आहे, पण पाठीराखा म्हणजे संकटात पाठीशी उभं राहून राखण करणारा. जात्यावरच्या ओव्यांत भाऊ पाठीराखा असतो. मी घरात सोफ्यावर पांघरूण घेऊन बसलेला, कुणाची पाठ राखतोय? चाहता म्हणावं तर तो नटाचा वाटतो. क्रीडारसिक जिंकलेल्या-हरलेल्या दोघांनाही टाळ्या वाजवतो. तसा माणूस मी प्लेऑफमध्ये अजून पाहिलेला नाही.

एडमंटनची मावशी

त्याला वेगळा शब्द कशाला, सर्वनामावरून कळतं. माझे यजमान ऑइलर्सचे, म्हणजे आमच्या एडमंटनच्या संघाचे. जिंकले की ‘‘आम्ही जिंकलो’’, हरले की ‘‘आपण हरलो’’. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द, म्हणून तिथे कुणाला पकडता येत नाही. मराठीत ‘आपण’मध्ये ऐकणारा पण आला. विजयात मी नव्हते, पराभवात मात्र मला ओढून घेतलं! सलग दोन वर्षं अंतिम फेरीत फ्लोरिडाकडून ‘आपण’ हरतोय.

बॅकबेंचर

काकू, हे एक नंबर आहे. 😄

एडमंटनची मावशी

मावशी. काकू नव्हे.

आणि देव पाण्यात ठेवणं यांच्याकडेही आहे. प्लेऑफ सुरू झाले की दाढी करायची नाही. १९८०पासून सलग चार चषक जिंकणाऱ्या न्यूयॉर्क आयलंडर्सपासून ही रीत रुजली म्हणतात. आपल्याकडे नवसाची शेंडी ठेवतात, तशी ही नवसाची दाढी. चषकाचं सोवळं तर विचारू नका. जिंकल्याशिवाय खेळाडू त्याला शिवत नाही. उपांत्य फेरी जिंकल्यावर मिळणाऱ्या छोट्या करंडकालाही बरेच जण हात लावत नाहीत, पुढे विघ्न नको म्हणून. चषकाची राखण करणारे पांढरे हातमोजे घालून तो आणतात.

सगळ्यांत भारी आमच्या एडमंटनचा बर्फ तयार करणारा माणूस. प्लेऑफ नव्हे, २००२चं सॉल्ट लेक सिटीचं ऑलिंपिक. तिथला बर्फ करायला गेला आणि मैदानाच्या मधोमध कॅनडाचं एक डॉलरचं नाणं बर्फाखाली पुरून आला. बायका आणि पुरुष, दोन्ही संघांनी सुवर्णपदक आणलं. आपण देव पाण्यात ठेवतो, त्यांनी पाणी गोठवून ठेवलं, एवढाच फरक.

रंकाळा

उशिरा आलो. सगळं वाचलं. भावा मिसिसागाकर, शब्द पेपरात कशाला शोधतोयस, तालमीत शोध की.

जत्रेच्या कुस्त्यांचं पोस्टर बघितलंयस कधी? ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’. निकाली म्हणजे गुण मोजायचे नाहीत, घड्याळ बघायचं नाही. एकाची पाठ मातीला लागली की संपली. तोवर हलगी वाजत राहणार आणि पब्लिक उठणार नाही. गुणांवरची कुस्ती वेगळी, तिथे सहा मिनिटांत शिट्टी. कोल्हापूरला खासबागेच्या कुस्ती मैदानात म्हातारी माणसं अजून विचारतात, ‘‘गुणांवर की निकाली?’’ तेवढ्यावर ठरवतात बसायचं का घरी जायचं.

आता तुझं हॉकी बघ. साखळीत पाच मिनिटं, मग शूटआउट, आणि हरणाऱ्याला पण एक गुण. ही झाली गुणांवरची. प्लेऑफ म्हणजे निकाली. जादाचा डाव तर निकालीच, आणि सात सामन्यांची झुंज पण निकाली. एकदा खाली गेला म्हणून हरला नाही, चितपट व्हायला पाहिजे. ते ०-३वरून ३-३ केलेलं एडमंटन म्हणजे ब्रिज टाकून पाठ उचलून धरलेला गडी.

‘निकाली फेरी’ म्हण. ‘निकाली डाव’ म्हण. विषय संपला.

पुणेरी पहाट

वा! ‘सामना दुसऱ्या निकाली डावात गेला.’ पहाटे वाचायला छान वाटेल. १९३६मध्ये डेट्रॉइट आणि माँट्रिआल मरून्स यांचा सामना सहाव्या निकाली डावात गेला होता. रात्री साडेआठला सुरू, मध्यरात्रीनंतर सव्वादोन वाजून गेल्यावर एकुलता एक गोल. १-०. इतका लांबलेला प्लेऑफ सामना एनएचएलमध्ये दुसरा नाही. याला हलगी हवीच होती.

मिसिसागाकर

रंकाळाभाऊ, मानलं. काल रात्रीच ग्रुपवर जुन्या एका सामन्याबद्दल लिहिताना वापरून पाहिला. कुणी काही विचारलं नाही, म्हणजे कळला.

कोशाळू

शब्द उत्तम, फक्त एक खडा टाकतो. सरकारी कचेरीत ‘निकाली’चा अर्थ वेगळा आहे. ‘प्रकरण निकाली काढले’ म्हणजे फाइल बंद, विषय हातावेगळा, पुन्हा येऊ नका. ‘निकाली फेरी’ वाचून कुणाला तहसील कार्यालय आठवलं तर? कुस्तीतला निकाली म्हणजे निकाल लागेपर्यंत चालणारा, आणि कचेरीतला म्हणजे निकाल लागून संपलेला. एकाच शब्दाच्या पोटात ‘अजून चालू’ आणि ‘कायमचं बंद’ असे दोन अर्थ. संदर्भाने कळतील, पण ‘बाद फेरी’ही संदर्भाने कळायलाच हवी होती, आणि काकांचा फोन आलाच.

रंकाळा

कचेरीतले लोक कुस्ती बघायला येतात तेव्हा त्यांना बरोबर कळतंय.

एडमंटनची मावशी

दोन अर्थ असले तर बिघडलं कुठे? टोरांटोसाठी तर दोन्ही लागतात. १९६७नंतर चषक नाही. २०१३मध्ये बॉस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात शेवटच्या डावात ४-१ पुढे असताना हरले. यंदा मे महिन्यात घरच्या बर्फावर सातवा सामना फ्लोरिडाकडून १-६. वाक्यात उपयोग करून दाखवते : ‘लीफ्स एप्रिलमध्ये निकाली फेरीत पोचतात आणि मेमध्ये निकाली निघतात.’

मिसिसागाकर

मावशी, जखमेवर मीठ चोळलंत, पण वाक्य बिनचूक आहे. काकांना तसंच्या तसं पाठवलं. त्यांचं उत्तर आलंय :

‘‘म्हणजे बादच ना?’’