गव्हाचा दोष डॉ. डिके यांना दुष्काळामुळे कळला का?

प्रश्न: सीलिअ‍ॅक आजारात (गव्हासारख्या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होऊन अन्न नीट पचत नाही, असा आजार) गहू वर्ज्य करावा, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना दुसऱ्या महायुद्धात, नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाल्यावर सुचले, असे वाचनात आले. हे खरे आहे का?

प्रतिसाद १: हे अर्धसत्य आहे. १९३६ मध्ये हेगच्या जुलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झालेले डिके युद्धापूर्वीच अशा मुलांना गहूविरहित आहार देऊन पाहत होते आणि १९४१ मध्ये त्यांनी त्याविषयी लेखही लिहिला होता. हिवाळ्याने त्यांचा तर्क पक्का केला, एवढेच. दुष्काळाची कथा अधिक नाट्यमय असल्याने तीच टिकली असावी.

प्रतिसाद २: माझ्या मते खरे मोल पुढच्या कामाचे आहे. रसायनतज्ज्ञ व्हान द कामर यांनी विष्ठेतील स्निग्धांश (न पचलेली चरबी) मोजण्याची पद्धत तयार केली आणि तिच्या आधारे गव्हाच्या पिठाने अपचन वाढते, तांदूळ वा मक्याच्या पिठाने नाही, हे मोजून दाखवता आले. डिके यांचा उट्रेख्ट विद्यापीठातील प्रबंध १९५० चा आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग ज्वारी-बाजरीची भाकरी चालावी?

प्रतिसाद २: होय, त्यांत ग्लूटेन नसते, मात्र पीठ गव्हाच्याच गिरणीत दळू नये, आणि बाजारच्या खड्या हिंगातही अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे पालकांच्या सहसा लक्षात येत नाही.