हाउस ऑफ बालेन्सियागा : घर, पेढी की घराणं?

एक लेख मराठीत आणतेय आणि तीन शब्दांवर अडलेय. लेख क्रिस्तोबाल बालेन्सियागावर आहे, म्हणजे आत्ताचा तो महागड्या बुटांचा ब्रँड नव्हे, ज्याच्या नावाने तो ब्रँड चालतो तो पॅरिसमध्ये उंची कपडे शिवणारा स्पॅनिश माणूस (१८९५-१९७२). शब्द आहेत हाउस (अशा माणसाच्या नावाने चालणारी कपड्यांची संस्था), लेगसी (मागे राहतं ते) आणि कुत्यूरिए (असे उंची कपडे करणारा). 'फॅशनगृह' वाचलं की मला चादरी-टॉवेलचं दुकान दिसतं, लेगसीला सगळे डोळे झाकून 'वारसा' लिहितात, आणि कुत्यूरिएला 'फॅशन डिझायनर' लिहिलं तर या माणसावर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं. 'ओत कुत्यूर' तसंच ठेवलंय. शब्दशः ती 'उंची शिवण' पण फ्रान्समध्ये १९४५ पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, कुणीही उठून लावू शकत नाही, म्हणून भाषांतर नको वाटलं. बाकी तिन्हींना काय लिहू?

—

सरळ पेढी लिहा की. सराफाची पेढी म्हणतोच आपण. नाव, पत, ठरलेली गिऱ्हाइकं, सगळं त्यात येतं.

—

दादा, पेढी शब्द छान आहे पण इथे गफलत होईल. पेढी पुढच्याकडे जाते म्हणजे नाव, जागा, वह्या जातात. बालेन्सियागाचं नाव एका वाटेने गेलं आणि विद्या दुसऱ्याच, म्हणून तर हा घोळ आहे. त्याने १९३७ मध्ये पॅरिसला, १० अव्हेन्यू जॉर्ज सांक इथे बस्तान मांडलं आणि १९६८ मध्ये स्वतःच बंद केलं, गादीवर कुणाला बसवलं नाही. नाव मात्र उरलं, विकलं गेलं, या हातातून त्या हातात जात आज केरिंग नावाच्या फ्रेंच समूहाकडे आहे, आणि २०२१ मध्ये ५३ वर्षांनी त्याच पत्त्यावर त्या नावाने परत ओत कुत्यूरचा शो झाला. ही झाली पेढी, मान्य.

पण आंद्रे कुरेज त्याच्याकडे साधारण १० वर्षं राबला, इमान्युएल उंगारो १९५८ मध्ये आला, दोघांनी पुढे आपापलं वेगळं मांडलं. कुरेजचे १९६४ चे ते पांढरे, आखीव, आखूड कपडे बघा, वरवर गुरूशी काडीचा संबंध वाटत नाही पण कापड अंगाला न चिकटता स्वतःच्या ताठपणावर उभं राहतं ते शिक्षण तिथलंच. युबेर द जिवाँशी हा पॅरिसचाच दुसरा कुत्यूरिए तर बालेन्सियागाकडे नोकरीलाही नव्हता तरी जन्मभर त्यालाच गुरू मानत आला. गाण्यात याला आपण काय म्हणतो, घराणं! शिष्य वेगळा राग गातो पण आवाज कसा लावलाय त्यावरून कळतं कुणाकडे बसलाय ते. म्हणून हाउसला घराणं.

आणि लेगसीचे दोन शब्द करा ताई. ब्रँडकडे गेला तो वारसा, शिष्यांनी घेतला तो वसा. वारसा कागदाने मिळतो, वसा घ्यावा लागतो, आणि घेतला वसा टाकायचा नसतो हे आपल्याकडे कहाणी ऐकणारं पोरही जाणतं.

—

मी फक्त कुत्यूरिएबद्दल लिहिते कारण आमच्या घरात शिवणकाम होतं. आई ब्लाउज शिवायची. गिऱ्हाईक ब्लाउज घालून उभं राहिलं की ती एकच सांगायची, हात वर करा. हाताबरोबर ब्लाउज कमरेवरून वर सरकला की मुंढा, म्हणजे बाही जोडायची ती गोलाई, चुकला. मग ती रात्री बसून बाही उसवायची, मुंढा परत काढायची आणि बाही पुन्हा चढवायची, गिऱ्हाईक म्हणालं असलं की राहू दे हो चालेल, तरीसुद्धा. बालेन्सियागाची बाहीची हीच गोष्ट वाचली तेव्हा अंगावर काटा आला. पॅरिसचा एवढा नावाजलेला माणूस, अंगावरच्या कपड्याची बाही मनासारखी बसली नाही की स्वतः टराटरा उसवून नव्याने बसवायचा. त्याची आईही शिवणकामच करायची, स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर गेतारिया नावाच्या गावात, तिथेच तो शिकला, आणि स्पेनमधल्या त्याच्या शाखांना आईच्या एइसागिर्रे आडनावावरून 'एइसा' नाव दिलं. फ्रेंचमध्ये बघा, कुत्यूरिएर म्हणजे शिवण करणारी बाई आणि कुत्यूरिए म्हणजे एकदम बडा माणूस. शब्द एकच, आईच्या वाट्याला आला तेव्हा साधा आणि मुलाच्या वाट्याला आला की थोर!

मराठीत माझ्या मते शब्द 'बेतणं' या क्रियापदात आहे. आपण कापड बेततो. बेत म्हणजे योजना आणि बेतणं म्हणजे मापाने कापणं, दोन्ही एकाच शब्दात, म्हणजे डिझाइन करणारा आणि कात्री चालवणारा हे मराठीने वेगळे काढलेच नाहीत. हा माणूस नेमका तसाच होता, त्याची सुरुवात चित्रापासून नाही, कापडापासून व्हायची, बेतणं कापणं शिवणं सगळं हाताने येत होतं. १९५८ मध्ये झुरिकच्या अब्राहम कंपनीच्या गुस्ताव झुमश्टेगबरोबर त्याने गझार नावाचं ताठ रेशमी कापड करून घेतलं, का तर त्याला हवा तो फुगा बाकीच्या कापडात उभा राहत नव्हता. १९६१ चा एक कोट आहे, अख्खा एका तुकड्यातून, शिवण एकच. कापड समोर टाकून बघा, गळा कुठून येणार, बाह्या कुठून येणार, हे सगळं कात्री लावायच्या आधी डोक्यात पक्कं हवं, एक काप चुकला की कापड गेलं. हे बेतणंच. शिंपी लिहायलाही लाजू नका, नामदेवांच्या महाराष्ट्रात शिंपी हा हलका शब्द नाही.

—

सगळ्यांचे आभार. घराणं पक्कं, वारसा आणि वसा दोन्ही घेतले, आणि डिझायनर सगळीकडून काढून पहिल्याच ओळीत 'स्वतः बेतणारा शिंपी' लिहिलं. ताई, तुमच्या आईचा मुंढा पण घेतलाय, आधी तिथे 'बाहीचे छिद्र' लिहिलं होतं. आता शेवटची अडचण. आधी साध्या सुती कापडात जो नमुना शिवून बघतात त्याला फ्रेंचमध्ये त्वाल म्हणतात. मी 'मांजरपाटातला कच्चा नमुना' लिहिलंय, पण शिवणाऱ्यांच्या बोलण्यात याला एकच शब्द असेल ना? तुमच्याकडे काय म्हणतात?