टँकरचा ट्रॅक्टर, डिझेल पिकअप, स्कूटर: ऑइल कशावरून बदलायचं? तास, किलोमीटर की रंग?

घोडबंदर_टँकर:
तीन सिलिंडरचा जुना ४५ एचपी ट्रॅक्टर घोडबंदर रोडच्या साईट्सवर पाण्याचा टँकर ओढतो. साईटवर पीटीओला (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याला) पंप लावून पाणी वर चढवतो, म्हणजे टँकर उभा आणि इंजिन चालू. पावसाळ्यात हाच ट्रॅक्टर मुरबाडला चिखलणीला जातो. शिवाय एक बीएस-६ डिझेल पिकअप आणि ११० सीसी स्कूटर आहे. ड्रायव्हर म्हणतो काळं झालं की बदला, मेकॅनिक म्हणतो २५० तास, पिकअपच्या पुस्तकात १०,००० किमी. नक्की काय धरायचं? सगळ्यांत एकच १५डब्ल्यू-४० (ऑइलच्या दाटपणाचा ग्रेड) चालेल का?

रबाळे_फिटर:
दादा, रंगावर जाऊ नका. डिझेल इंजिनात काजळी ऑइलमध्ये धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. नवीन ऑइल थोड्याच तासांत काळं होतं, त्यात बिघाड काही नाही. उलट बरेच दिवस स्वच्छ दिसलं तर ते काजळी धरतंय का, हा प्रश्न पडायला हवा.

ट्रॅक्टरला मेकॅनिकचं बरोबर आहे: नव्या इंजिनाला पहिला बदल साधारण ५० तासांनी, मग २५० तासांनी. काही नव्या मॉडेल्सना ४०० ते ५०० तास दिलेत, पण ते पुस्तकात लिहिलं असेल आणि पुस्तकातलंच ऑइल घालत असाल तरच. जुन्या ट्रॅक्टरचा मेकॅनिकल मीटर ठरावीक आरपीएमलाच खरा तास दाखवतो. कमी आरपीएमवर तो हळू पळतो, म्हणून पंपाचे तास वहीत घड्याळाप्रमाणे लिहा.

ऑइल काढताना इंजिन गरम हवं, ट्रॅक्टर सपाट जागी. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा. फिल्टर ऑइलबरोबरच बदला. जुना ठेवला तर त्यातलं घाण ऑइल पहिल्याच स्टार्टला नव्यात मिसळतं. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावा, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, पाना लावू नका. जुनं रबर सीटवर चिकटून राहिलंय का ते बघा. दोन रबरं एकावर एक बसली की प्रेशर येताच ऑइल बाहेर फेकलं जातं. स्टार्टनंतर प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. दिवा विझला तर इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी पाहा.

कापूरबावडी_डिझेल:
पिकअपला किलोमीटर फसवतात. ताशी ४० च्या सरासरीने १०,००० किमी म्हणजे २५० तास. मानपाडा, पातलीपाडा, गायमुखच्या गर्दीत सरासरी १६ वर आली की तेच १०,००० किमी म्हणजे ६२५ तास. पुस्तकात 'सिव्हिअर युज' (कठीण वापर) असा वेगळा तक्ता असतो, तो वापरा. तो नसेल तर ५,००० किमी किंवा सहा महिने, जे आधी येईल ते.

बीएस-६ ला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा फिल्टर) असेल तर ट्रॅक्टरचं साधं १५डब्ल्यू-४० अजिबात घालू नका. कमी राखेचं ऑइल लागतं, बहुतेकांत ५डब्ल्यू-३० सी३. पुस्तकातला ग्रेड तपासा. राख डीपीएफमध्ये साचते आणि ती जळून जात नाही. दुसरं, छोट्या फेऱ्यांत रिजनरेशन (जास्तीचं डिझेल टाकून डीपीएफमधली काजळी जाळणं) अर्धवट राहिलं की ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला तर तास न मोजता ऑइल बदला, पातळ ऑइल बेअरिंग खातं. डीपीएफचा दिवा लागला की गाडी बंद करू नका, मोकळ्या रस्त्याला १५-२० मिनिटं एकसारख्या वेगाने चालवा.

स्कूटरचं वेगळं. तिचा क्लच कोरडा, म्हणून जासो एमबी (डब्यावर लिहिलेला दुचाकी ऑइलचा वर्ग) ऑइल चालतं. गिअरच्या बाईकचा क्लच ऑइलमध्ये असतो, तिला एमए किंवा एमए२ हवं. स्कूटरच्या लहान इंजिनात लिटरभरही ऑइल बसत नाही, त्यामुळे २०० मिली कमी झालं तरी फार होतं. दर पंधरवड्याला पातळी बघा.

मुरबाड_चिखलणी:
चिखलणीआधी क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकाला बूच लावा, नाहीतर चिखल-पाणी क्लचमध्ये जातं. काम संपताच बूच काढा, कारण तिथे गळलेलं ऑइल बाहेर पडायला वाट हवी. एअर क्लीनर ऑइल-बाथ (हवेतली धूळ ऑइलच्या वाटीत पकडणारा) असेल तर वाटीतलं ऑइल रोज पाहा. साईटच्या धुळीत ते काही दिवसांतच घट्ट होतं. एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपचे क्लॅम्प सैल असतील तर धूळ आत जाते, मग कितीही ऑइल बदला, लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) झिजणारच. ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय. तेव्हा नुसतं बदलून भागत नाही, आधी हेड गॅस्केट आणि ऑइल कूलर तपासा.

घोडबंदर_टँकर:
धन्यवाद. बदलताना डिझेल टाकून इंजिन धुवायचं का? आणि साईटवाले जुनं ऑइल शटरिंगला मागतात, द्यावं का?

रबाळे_फिटर:
डिझेलने धुऊ नका, तळाशी उरलेलं नव्या ऑइलला पातळ करतं. शटरिंगलाही देऊ नका, काँक्रीटवर डाग पडतात आणि प्लास्टर धरत नाही. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून परवानाधारक रिसायकलरला द्या. गटारात ओतलेलं थेट खाडीत जातं.