मुलांनी स्वतः घेतलेला मल्टिमीडियाचा तास: अनुभव लिहा

केवडा (फोंडा)
बी.एड. करते. पुढच्या महिन्यात आमच्या गटाला मल्टिमीडिया ई-लर्निंगवर वर्गात वीस मिनिटांचा उपक्रम घ्यायचा आहे. भाषण चालणार नाही, वर्गाच्या हाताला काम हवं, अशी अट आहे. कुणी असा तास घेतला असेल तर कृपया सविस्तर लिहा. विषय कोणता घेतलात, वर्ग कशात रमला?

माडाखाली (म्हापसा)
आम्ही व्याख्येला हातच लावला नाही. खाजन शेतीतली, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीतली, मानस (बांधातली पाण्याची दारं) कशी चालते, एवढाच मुद्दा घेतला. वर्गाचे तीन गट केले. एकाला छापील परिच्छेद, दुसऱ्याला ॲनिमेशन आणि निवेदन, तिसऱ्याला तेच ॲनिमेशन आणि निवेदन, शिवाय निवेदनातला सगळा मजकूर पडद्यावर. मग सगळ्यांना एकच प्रश्न: भरतीच्या वेळी मानशीची दारं कोण लावतं? कुणीच नाही. नदीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने ती मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना उघडून बाहेर पडतं. दुसऱ्या गटातल्या मुलाने फळ्यावर बाण काढून हे भराभर दाखवलं. तिसऱ्या गटातली एक म्हणाली, "वाचायचं की बघायचं, तेच कळेना." तिथेच आम्ही शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं म्हणणं सांगितलं: चित्र आणि निवेदन असताना तोच मजकूर पडद्यावरही आला की डोळ्यांवर भार पडतो. त्यामागचा आकलनभाराचा विचार (मन एका वेळी थोडंच पेलू शकतं) मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडला, तेही दोन वाक्यांत उरकलं. वर्गाने आधी अनुभवलं होतं, म्हणून नावं लक्षात राहिली.

वास्कोकर
वरचं पटलं, पण एक जोड देते. माझ्या वर्गात घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारी बरीच मुलं आहेत. त्यांना पडद्यावरचे शब्द आधार देतात. सगळं वाक्य नको, 'भरती', 'ओहोटी', 'बांध' एवढेच शब्द चित्राशेजारी ठेवा. मेयरसुद्धा परक्या भाषेतून शिकणाऱ्यांसाठी ही सूट मानतात.

सत्तरीकर
वाळपईच्या पुढे नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे धडे आदल्या दिवशी उतरवून ठेवतो. गेल्या पावसाळ्यात नववीच्या मुलांनी कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) पाटाच्या पाण्यावर स्वतः निवेदन केलं. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की मोबाइलमध्ये दुसरं काही ऐकूच येईना. एका मुलीने कपड्यांचं कपाट उघडून साड्यांच्या मध्ये फोन धरला आणि तिथेच वाचलं. आवाज इतका स्वच्छ आला की बाकीच्यांनीही तीच युक्ती केली. आवाज कपड्यांत का जिरतो, यावर मग वेगळाच तास रंगला, आणि मला तो मूळ उपक्रमाइतकाच मोलाचा वाटला.

डिचोलीची
आमच्यात एकजण फक्त घड्याळ बघत होता. फार उपयोग झाला.

केवडा
माडाखाली, मानशीची कल्पना घेऊ का? आमच्या वर्गात संगणक एकच आहे.

माडाखाली
घ्या की! एका संगणकावरही जमेल. परिच्छेदवाल्या गटाला व्हरांड्यात बसवा, बाकीचे दोन गट आळीपाळीने पडद्यासमोर, आणि दोघांचं बघून होईपर्यंत उत्तरं कागदावरच राहू द्या. ॲनिमेशन दीड मिनिटापेक्षा लांबवू नका. पार्श्वसंगीत असेल तर काढून टाका, मुलं त्यातच अडकतात.